ऑगस्टातला हप्ता

जुलै संपत आला की दापोलीजवळच्या हर्णै-पाजपंढरीत घरोघरी एक यादी सुरू होते. इंजिनाचं काम, बोटीच्या तळाला रंग, फाटक्या जाळ्याच्या जागी नवं जाळं, दोर, डिझेल, बर्फ, रेशन, आणि सगळ्यांत मोठी रक्कम म्हणजे खलाशांना द्यायची उचल. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. म्हणजे ही यादी पुरी करायची ती दोन महिने एकही मासळी न विकलेल्या घराने. कुठे दागिने गहाण पडतात, कुठे व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे घेऊन पुढच्या मोसमाची मासळी त्यालाच घालायचा शब्द दिला जातो. या यादीत बोटीच्या विम्याची ओळ असलीच तर तळाशी असते. पैसे कमी पडायला लागले की पहिली काट तिच्यावर बसते, कारण विम्याशिवाय बोट दर्यात जाते, डिझेलशिवाय जात नाही.

त्या काट मारलेल्या ओळीबद्दल मला लिहायचं आहे. माझं काम दापोलीत, हिशेब लिहिण्याचं. त्यामुळे घरात कागद आला की तो माझ्याकडे येतो. बोट चालवतो दादा, तोच तांडेल. कर्ज होतं तोवर बँक दरवर्षी विमा उतरवून घ्यायची आणि पॉलिसी बँकेच्याच फायलीत राहायची. कर्ज फिटलं तसा विमाही थांबला. बंदरातल्या पुष्कळ बोटींचं हेच होतं. विमा म्हणजे बँकेचं काहीतरी, अशी समजूत पक्की बसलेली आहे, आणि कर्ज फिटल्याच्या आनंदात ती कुणी तपासून बघत नाही. यंदा दादा म्हणाला, "विम्याचं जरा चार ठिकाणी विचारून बघ गं. परवडला तर घेऊया." मी विचारायला निघाले आणि त्या निमित्ताने जे वाचलं, ऐकलं, समजून घेतलं, ते आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांपर्यंत जावं असं मनापासून वाटतं.

आधी हे, की विमा हवाच कशाला. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा मोसम भरात होता, बोटी बाहेर होत्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं, तेव्हा बोटी खाडीत, किनाऱ्याला होत्या. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं. तीन वादळं, तीन वेगळे महिने. दर वेळी पंचनामे झाले, मदत जाहीर झाली. आता त्या मदतीचा आकडा ऐका. २०१५ ते २०२० या काळातल्या केंद्राच्या आपत्ती निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या बोटीसाठी ९,६०० रुपये आणि अंशतः नुकसान झालेल्या बोटीच्या दुरुस्तीसाठी ४,१०० रुपये धरलेले होते. मोठ्या वादळानंतर राज्य सरकारने वाढीव मदत दिली, निकषही पुढे वाढले, हे खरं आहे. पण इंजिन, जाळी, जीपीएस धरून लाखांत जाणारी बोट या रकमांतून पुन्हा उभी राहत नाही, आणि ती मदत त्यासाठी आखलेलीही नाही. मदत ही त्या दिवसाची चूल पेटावी म्हणून असते. बोट परत यायची असेल तर तिची किंमत आधीच कुणीतरी कागदावर मान्य केलेली असावी लागते.

आता दर. पूर्वी बोटींच्या विम्याचे दर ठरवून दिलेले होते, कुठेही गेलात तरी आकडा साधारण तोच. १ एप्रिल २००५ पासून जहाजांच्या आणि बोटींच्या विम्याचे दर खुले झाले. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपापला दर लावते. म्हणजे चार ठिकाणी विचारणं हे आता हौसेचं काम उरलेलं नाही, त्यात खरे पैसे आहेत. आमच्याच बोटीच्या दोन कोटेशनांत इतकी तफावत निघाली की दादाने मला आकडे पुन्हा तपासायला लावले.

पण चार ठिकाणं गाठणंच अवघड. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्या चार: न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. कोकणात तालुक्याच्या गावी त्यांचं एखादं छोटं ऑफिस असलं तर असतं, आणि तिथे दिवसभर गाड्यांच्या विम्याची गर्दी. खासगी कंपन्यांत फोन केला की "मासेमारीची बोट? ते आम्ही करत नाही" हे उत्तर फार लवकर येतं. एका ऑफिसात तर माणसाने पहिला प्रश्न विचारला, "ताई, लाकडी का फायबर? किती वर्षांची?" आणि लाकडी म्हटल्याबरोबर पेन खाली ठेवलं. बोट बघायची तयारी नाही, तळाला फायबरचा थर दिलाय का ही चौकशी नाही. वर्षं मोजून बोटीची तब्येत ठरवणं मला पटत नाही. दर दोन वर्षांनी फळ्या बदलून, सांधे बुजवून, रंग देऊन ठेवलेली जुनी बोट ही हयगय झालेल्या नव्या बोटीपेक्षा कितीतरी भरवशाची असते, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण ज्याने कोटेशन द्यायचं त्याच्यासमोर ही गोष्ट कागदावर मांडावी लागते. बोट वर ओढलेली असताना तळाचे फोटो, सुताराची आणि फायबरवाल्याची बिलं, इंजिन बदललं तेव्हाची पावती. हे सगळं घेऊन दुसऱ्यांदा गेले तेव्हा बोलण्याचा सूर बदलला होता.

एजंट आणि ब्रोकर यांतला फरकही इथेच कळला. एजंट ज्या कंपनीचा, तिचंच कोटेशन आणणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. विमा नियामकाचा परवाना असलेला ब्रोकर कायद्याने ग्राहकाच्या बाजूने काम करतो आणि अनेक कंपन्यांकडे विचारू शकतो. मासेमारी बोटींचं काम जाणणारा ब्रोकर बहुधा मुंबईतच सापडतो, पण फोनवर आणि मेलवर काम होतं. एका बोटीसाठी त्याला फारसा रस नसतो. पाच-पन्नास बोटी म्हटलं की असतो. या मुद्द्याकडे शेवटी येते.

कोटेशन हाती आलं की सगळ्यांची नजर तळाच्या आकड्यावर जाते. दादाचीही गेली. सगळ्यांत कमी आकडा होता त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हाच घेऊया." तो कागद मी घरी आणून ओळ न् ओळ वाचला. त्यात विमा होता फक्त पूर्ण नुकसानीचा. बोट बुडाली, सापडलीच नाही, किंवा वाचवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीपलीकडे जातोय, तरच पैसे. आता आमच्या बंदराला काय होतं ते बघा. हर्णैला वारा फिरला की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत पळतात. खाडीच्या मुखाशी गाळ साचलेला. ओहोटीला, लाटा उसळत असताना आत शिरायचं म्हणजे तळ लागण्याची भीती असतेच. तिथे बोट टेकली, आडवी झाली, पंखा वाकला, दोन-चार फळ्या उखडल्या, सुकाणू मोडलं, तर ते पूर्ण नुकसान नव्हे. बोट ओढून काढायची, दुरुस्त करायची, मोसमातले महत्त्वाचे दिवस घालवायचे, आणि विम्याकडून काहीच नाही. आमच्याकडच्या बोटींवर येणारं संकट बहुतेक वेळा याच मापाचं असतं. खोल दर्यात बोट नाहीशी होणं भयंकर, पण क्वचित. खाडीच्या मुखाशी टेकणं नेहमीचं.

म्हणून माझं स्पष्ट मत झालं आहे: ज्या बंदरात आपली बोट उभी राहते त्या बंदरात बोटींना वर्षानुवर्षं काय काय झालं ते आधी लिहून काढावं आणि ती यादी कोटेशनाशेजारी ठेवून वाचावं. यादीतल्या गोष्टी ज्या पॉलिसीत बसत नाहीत ती कितीही स्वस्त असली तरी महागच. डहाणू-सातपाटीची यादी वेगळी निघेल, मालवणची वेगळी. मालवणात खडक आहेत, आमच्याकडे गाळ. पालघरकडच्या बोटी आणि खलाशी गुजरातच्या बाजूला सागरी हद्दीजवळ जातात, तिथे पाकिस्तानी यंत्रणेने बोट पकडून नेण्याची भीती असते. बोटीच्या नेहमीच्या पॉलिसीत अशी धरपकड, जप्ती वगळलेली असते, कारण ती युद्धजोखमीत मोडते आणि युद्धजोखीम वेगळी घ्यावी लागते. ज्यांची बोट तिकडे जाते त्यांनी हा प्रश्न कोटेशन मागतानाच तोंडाने विचारून, उत्तर लेखी घ्यावं.

हप्ता कमी करण्याच्या ज्या वाटा ऑफिसात सुचवल्या जातात, त्यांतल्या काही चांगल्या आहेत, काही घातकी. पहिली नुकसानी आपण सोसायची, म्हणजे प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम मालकाने भरायची आणि त्यापुढचं कंपनीने, ही वाट मला पटते. दोर तुटला, पत्रा वाकला, अशा बारक्या कामांसाठी नाहीतरी कुणी दावा करत बसत नाही. ती रक्कम थोडी वाढवली की हप्ता उतरतो. घरात तेवढे पैसे उभे राहतील इतपतच ती वाढवावी.

दुसरी वाट म्हणजे बोटीचा विमा कमी रकमेचा उतरवायचा. ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. समजा पॉलिसीत बोटीची ठरलेली किंमत ४० लाख लिहिली आणि विमा घेतला २० लाखांचा. कायदा म्हणतो की उरलेल्या अर्ध्याची जोखीम तुमचीच. म्हणजे ४ लाखांचं नुकसान झालं तर कंपनीच्या वाट्याला २ लाख, आणि त्यातूनही आधी ठरलेली सोसायची रक्कम वजा. माणसाला वाटतं, "४ लाख म्हणजे २० लाखांच्या आतच की, सगळे मिळतील." मिळत नाहीत.

तिसरी वाट सगळ्यांत मोहाची. "पावसाळ्यात बोट बंदच असते, ते महिने काढून टाका, हप्ता कमी करून देतो." हे ऐकून कुणाचंही मन वळेल. पण निसर्ग कधी आलं ते वर सांगितलंय. ३ जूनला. दर्यात कुणी नव्हतं आणि तरीही बोटी एकमेकींवर आपटल्या, नांगर तुटले, किनाऱ्यावर उलथल्या. बांधून ठेवलेल्या बोटीची जोखीम कमी असते हे खरं, म्हणून त्या महिन्यांपुरती हप्त्यात सूट मिळावी हेही रास्त आहे. बोट ठरावीक जागी उभी असलेल्या काळासाठी हप्त्याचा काही भाग परत करायची रीत जहाजांच्या विम्यात फार जुनी आहे. ती सूट मागावी, ठासून मागावी. विमाच काढून टाकू नये.

या सगळ्याच्या मागे १९६३ चा सागरी विमा कायदा आहे, आणि तो वाचताना मला वाटलं की यातली चार कलमं प्रत्येक मच्छिमार सोसायटीच्या भिंतीवर मराठीत लावायला हवीत. समुद्राचा धोका म्हणजे काय, तर अचानक घडणारी आपत्ती. वारा आणि लाटांचा नेहमीचा मारा त्यात धरलेला नाही. त्यामुळे खडकाला आपटून फळी फुटली तर भरपाई, आणि झिजून, कुजून फळी सुटली तर नाही. दाव्याच्या वेळी नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरचा सगळा शोध या एका प्रश्नाभोवती फिरतो: पाणी आत आलं ते कशाने? म्हणून बोट वर ओढली असतानाचे फोटो आणि बिलं फक्त कोटेशनापुरती उपयोगाची नाहीत, वर्षभर जपून ठेवायची आहेत. दुसरं, बोट दर्यात जायच्या लायकीची नाही हे मालकाला ठाऊक असताना तिला पाठवलं आणि त्याच कारणाने नुकसान झालं, तर कंपनी जबाबदार राहत नाही. तिसरं, पॉलिसीत जी अट घातली आहे ती तंतोतंत पाळावी लागते. किनाऱ्यापासून इतक्या सागरी मैलांपलीकडे जाणार नाही अशी अट असेल आणि बोट पलीकडे गेली, तर त्या घटकेपासून कंपनी मोकळी होऊ शकते, मग त्या अटीचा अपघाताशी संबंध असो वा नसो. आमच्याकडचे ट्रॉलर राज्याच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीपलीकडे सर्रास जातात. तेव्हा जिथे बोट खरोखर जाते तेवढं अंतर पॉलिसीत आहे ना, हे बघणं हप्त्याच्या आकड्याआधी येतं.

चौथी गोष्ट बोलायला नकोशी, पण बोलायलाच हवी. विमा उतरवलेलं काम कायदेशीर असलं पाहिजे, हे कायद्याने गृहीत धरलेलं आहे. बंदीच्या दिवसांत बाहेर पडलेली बोट, परवाना संपलेली बोट, २०१७ पासून बंदी असलेले एलईडी दिवे लावून मासेमारी करणारी बोट, हिला काही झालं तर विम्याचा कागद हातात असून उपयोग नाही. एलईडीवाल्यांमुळे मासळीचं बीज संपतंय हे आम्ही वर्षानुवर्षं ओरडतो आहोत. त्यांच्या बोटीवरच्या खलाशांच्या डोक्यावर काय टांगलेलं आहे, हेही कुणीतरी त्या पोरांना सांगायला हवं.

जोखीम कुणीतरी दुसऱ्याने अंगावर घ्यायची आणि तिची किंमत आधी ठरवायची, ही कल्पना आपल्या किनाऱ्याला काही परकी नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं. गुजरात-मुंबईच्या सागरी व्यापारात जोखमी हुंडी चालायची. हुंडी म्हणजे दुसऱ्या गावी पैसे देण्याची सावकारी चिठ्ठी. माल जहाजातून सुखरूप पोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यायचे, जहाज बुडालं तर देणं संपलं. हुंडी घेणारा सराफ ती जोखीम सोसायचा आणि तिचा मोबदला हुंडीच्या दरातच कापून घ्यायचा. ती सोय मालवाल्या सावकारांना होती. होडीवाल्याला तेव्हाही नव्हती, आणि आजही त्याच्यापर्यंत ती धड पोचलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

खलाशांचं काय, हा प्रश्न मी प्रत्येक ऑफिसात विचारला. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मासेमारांसाठी गट अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं, मासेमाराला एक पैसा द्यावा लागत नाही. हे ज्यांनी अजून केलं नाही त्यांनी आजच सोसायटीत जाऊन नाव घालावं. मात्र रत्नागिरीच्या बंदरांत आता कितीतरी खलाशी नेपाळमधून, उत्तर प्रदेशातून, कर्नाटकातून येतात. मोसमापुरते येतात, इथे त्यांची नोंद नसते. बोटीच्या पॉलिसीत खलाशांची जबाबदारी आपोआप येत नाही, ती मागून, वेगळा हप्ता भरून घ्यावी लागते. माझ्या मते बोटीसाठी रुपया नसला तरी चालेल, पण हा रुपया आधी बाजूला काढावा. लाकूड पुन्हा आणता येतं. आईने दादाला हेच सांगितलं, "बोटीचं काय ते तू बघ, पण जी पोरं तुझ्या भरवशावर आलीत त्यांचं आधी कर."

जाळ्यांबद्दल मात्र मला समाधानकारक उत्तर कुठेच मिळालं नाही. जाळी एकट्याने हरवली किंवा फाटली तर बहुतेक पॉलिशी हात वर करतात. समुद्रात जाळं कशाने गेलं हे सिद्ध कसं करणार, ही त्यांची अडचण मी समजू शकते. पण वादळात बोट वाचवायला तांडेलाने जाळं कापून सोडलं तर? नुकसान टाळण्यासाठी वाजवी खटपट करणं हे विमा घेणाऱ्याचं कर्तव्यच आहे आणि त्या खटपटीचा खर्च मिळण्याची तरतूद जहाजांच्या पॉलिशीत असते. त्या खर्चात कापलेलं जाळं धराल का, असा मी विचारलेला प्रश्न अजून एका कंपनीकडे उत्तरासाठी पडून आहे. उत्तर लेखीच द्या, असं सांगितलंय.

दाव्याची तयारी विमा घेण्याच्या दिवसापासून सुरू होते, हे मी दादाला पुन्हा पुन्हा सांगते. २००८ मध्ये 'कुबेर' ट्रॉलर ताब्यात घेऊन अतिरेकी मुंबईत शिरले, त्यानंतर बोटींच्या जाण्यायेण्याची नोंद कडक झाली. बंदरातून निघताना टोकन घ्यावं लागतं. आमच्याकडे कित्येकांना तो ताप वाटतो. पण बोट कधी निघाली, कोण कोण होतं, याचा तोच सरकारी पुरावा. त्याच्या जोडीला नोंदणीचं प्रमाणपत्र, चालू परवाना, हवामान खात्याचा त्या दिवसाचा इशारा, मत्स्यव्यवसाय खात्याचा पंचनामा. आणि अपघात झाल्याबरोबर कंपनीला कळवणं, बोट किनाऱ्याला लागायच्या आतसुद्धा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा तिथे होतो. जायचं ते वर्षाच्या आत.

आता ऑगस्टाकडे. पॉलिसी एक वर्षाची असते, पण ती ऑगस्टातच सुरू व्हावी असं कुठे लिहिलेलं नाही. बँकांनी कर्ज त्या सुमारास दिली म्हणून नूतनीकरणाची तारीख तिथे पडली, एवढंच. हातात पैसा असतो तो ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, पापलेट-सुरमई लागल्यावर. तेव्हा पहिल्या खेपेला, वर्ष पुरं व्हायच्या आधीच पॉलिसी नव्याने काढून तारीख सरकवून घ्यावी, असं मी आमच्याबाबतीत ठरवलं आहे. अर्थात हप्ता पूर्ण भरल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरूच होत नाही, हा कायदा आहे. "कोटेशनला होकार कळवलाय, पैसे पुढच्या आठवड्यात" म्हणणाऱ्याची बोट त्या आठवड्यात उघडीच असते.

आणि म्हणूनच मला वाटतं की एकेकट्याने विचारत फिरण्याला एक मर्यादा आहे. जपानमध्ये १९३७ पासून मासेमारी बोटींच्या विम्याचा स्वतंत्र कायदा आहे. तिथे मासेमारांनी आपापले विमा संघ केले आणि सरकारने त्यांच्या मागे पुनर्विमा, म्हणजे त्या संघांचाच विमा, उभा केला. आपल्याकडे किनाऱ्यावर गावोगाव मच्छिमार सहकारी सोसायट्या आहेत. डिझेल सोसायटीच्या पंपावर, बर्फ सोसायटीच्या कारखान्यात, कर्ज सोसायटीमार्फत. तर मग विमाच का एकट्याने? सोसायटीने सगळ्या बोटींची एकच यादी करावी, सर्व्हेअरला एकदाच बोलवावं, आणि ब्रोकरकडे सगळ्या बोटी मिळून दर मागावा. हप्ता सोसायटीने आधी भरावा आणि मोसमभर डिझेलच्या लिटरमागे थोडे थोडे पैसे कापून वसूल करावा. उचल, जाळी, बर्फ यांच्या गर्दीत एकरकमी हप्ता जो जड जातो, तो असा कळणारसुद्धा नाही.

हे मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत मांडलं. काहींना पटलं. एका काकांनी विचारलं, "ज्यांच्या बोटी चांगल्या आहेत त्यांनी मोडक्या बोटींचा हप्ता का भरायचा?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, सर्व्हे झाल्यावर प्रत्येक बोटीचा दर वेगळाच लागेल, यादी एक आणि आकडे वेगळे. तेव्हा मागून दुसऱ्या कुणीतरी विचारलं की सर्व्हेत जी बोट नापास होईल तिचं काय. त्या बोटीचा मालक तर सगळ्यांत गरीब असणार, आणि विम्याची गरजही त्यालाच जास्त. त्यावर बैठकीत बराच वेळ बोलणं झालं आणि ठराव पुढे ढकलला गेला. माझी सूचना अशी आहे की बंदीच्या दोन महिन्यांत, बोटी वर ओढलेल्या असताना, सोसायटीने त्या बोटींच्या फळ्यांसाठी आणि सांध्यांसाठी अल्पमुदतीचं कर्ज द्यावं, सर्व्हेअरने काढलेल्या त्रुटींची यादीच कर्जाचा अर्ज धरावी, आणि दुरुस्ती होऊन पुन्हा सर्व्हे झाला की ती बोट त्याच यादीत घ्यावी. किती बोटींना किती खर्च येईल याचा कच्चा हिशेब मी आता मांडते आहे. सुतारांकडून भाव घेतले आहेत, फायबरवाल्यांकडून यायचे आहेत.